वाघिणीची पूर्वेकडची बाजू

निवृत्तीनंतर काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, गंज लावते. समोरचा माणूस जरा गोंधळतो. मग समजावून सांगावं लागतं. मालगाडीचे छोटे डबे मिळतात, खऱ्या डब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे, अर्ध्या वितीएवढे. दुकानातून येतात तेव्हा चकचकीत असतात आणि त्यांच्या अंगावर भलत्याच देशाच्या रेल्वेची अक्षरं असतात. मी ती अक्षरं पुसते, डबे कापते, नव्या पट्ट्या चिकटवून आपल्याकडच्या मालगाडीचे करते, आणि मग त्यांना पंधरा-वीस वर्षांनी म्हातारं करते. एवढं झालं की ठरलेला प्रश्न येतो, "नातवंडांसाठी का?" नाही हो. माझ्यासाठी. साठी उलटलेल्या बाईने स्वतःसाठी खेळू नये असा कायदा कुठे लिहिला असेल तर मला आणून दाखवा.

मी मूळची बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या दांडीची, कोळ्याच्या घरची. लग्न होऊन बोईसरला आले ती रेल्वेच्या पश्चिमेला, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आणि अजून तिथेच आहे. तारापूर एमआयडीसीत कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं रंग जुळवले. गिऱ्हाइकाने पाठवलेली चिंधी एका हातात, आमची दुसऱ्या हातात, आणि उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून सांगायचं, यात लाल चिमूटभर जास्त झालाय. पुढे त्यासाठी यंत्र आलं. तरी साहेब आधी मला हाक मारायचे, मग यंत्र चालू करायचे. पण नमुन्याच्या कार्डामागे 'पास' लिहून सही करायचे ते साहेब. माझी जुळणी कधी परत आली नाही, आणि माझी सही एकाही कार्डावर नाही. एकदा धीर करून विचारलं होतं. ते हसून म्हणाले, "अहो ताई, कार्डाची मागची बाजू कोण बघतंय?" मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग अजून माझ्या नाकावर आहे.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी रुळांकडे उघडते. पोळ्या लाटता लाटता मी मालगाड्या बघायचे. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो. प्रत्येक वाघिणीचा गंज वेगळा. कोळशाच्या वाघिणीचा जांभळट, सिमेंटच्या वाघिणीचा राखेत बुडवल्यासारखा. रंग बघायची खोड, ती घरी आल्यावर थोडीच सुटते. खिडकीसमोर एक फाटा होता, पुढे कुठेच न जाणारा, आणि त्यावर गोदामाच्या भिंतीला लागून एक मोडकी वाघीण वर्षानुवर्षं उभी होती. तिचा गंज मला तोंडपाठ होता. सकाळी ती विटकरी दिसायची, उन्हं कलली की नारिंगी, आणि पावसाळ्यात जवळजवळ काळी. एके दिवशी कामावरून आले तर फाट्यावर नुसतं गवत. कापून नेली होती. मला त्या दिवशी रडू आलं, आणि कशासाठी रडतेय हे घरात सांगताही येईना.

निवृत्त झाले त्या वर्षी फोनवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दिसला. तो असाच एक डबा गंजवत होता. तीनदा बघितला आणि ह्यांना म्हटलं, "अहो, हा बाबा गंज लावतोय तो नुसता चॉकलेटी रंग आहे. याला रंग कळत नाही." हे कारखान्यात फिटर होते, मोजकं बोलणारा माणूस. म्हणाले, "मग तू दाखव." झालं.

माझी पद्धत दांडीची आहे. आधी डब्याला करडं अस्तर आणि त्यावर गंजाचा रंग द्यायचा. तो वाळला की पाण्याचा हलका फवारा मारून वर खडेमीठ भुरभुरवायचं. त्यावर वाघिणीचा तांबडा रंग. सगळं सुकलं की दात घासायच्या जुन्या ब्रशने मीठ झाडायचं. जिथे जिथे मीठ होतं तिथला वरचा रंग निघतो आणि खालचा गंज उघडा पडतो, पोपडे आल्यासारखा. डबा रुळावरून उडू नये म्हणून पोटात वजन लागतं, त्यासाठी जाळ्याला लावायचे शिशाचे मणी माहेराहून आणते. आणि शेवटचा हात खऱ्या गंजाचा. आईच्या खिडकीच्या गजांचा गंज खरवडायचा, मलमलीतून गाळायचा आणि कोरड्या कुंचल्याने डब्यावर चोळायचा. आई ओटीवर बसून बघत असते. म्हणते, "आमी जल्मभर गंज काढला, नि तू गो त्यो डबीत भरून नेतेस. शाणी हायस का खुळी?"

त्या गजांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. दांडीला घराचं लोखंड समुद्राच्या बाजूने सडतं. खारा वारा पश्चिमेकडून येतो, गजाचं तेवढंच अंग खातो. म्हणून आमच्याकडे पावसाळा संपला की गजांना रंग लागतो तो फक्त समुद्राच्या अंगाला. आतल्या अंगाला तीन-चार वर्षांतून एकदा. लहानपणी वडील माझ्या हातात ब्रश द्यायचे आणि म्हणायचे, दर्याकडचं अंग तुझं. लोखंडाला दोन बाजू असतात, एक गंजायची आणि एक न गंजायची, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. आणि जे पाढ्यांच्या आधी शिकतो ते माणूस तपासून बघत नाही.

मुंबईतल्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. रूळ, बोगदे, सिग्नल असं सगळं टेबलांवर मांडून दर वर्षी ते प्रदर्शन भरवतात. मी सलग दोन वर्षं माझ्या वाघिणी नेल्या. दोन्ही वर्षं त्यांनी त्या मांडल्या कोपऱ्यातल्या टेबलावर, 'महिला हस्तकला' अशी पाटी लावून. एका बाजूला लोकरीचे रुमाल, दुसऱ्या बाजूला कागदाची फुलं, मध्ये माझी कोळशाची गाडी. रुमाल करणाऱ्या बाई चांगल्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. पण गाडी रुळावर पळायची असते. रुमालांत उभी राहायची नसते. तिसऱ्या वर्षी प्रदर्शन पालघरला भरणार असं कळलं, म्हणजे माझ्या दारात. क्लबचे प्रमुख निवृत्त इंजिनियर आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. मी सरांना फोन केला आणि सांगितलं, या वेळी माझ्या दहा वाघिणी मुख्य रुळावर धावतील. टेबलावर ठेवायच्या असतील तर मी येतच नाही.

सर नाही म्हणाले नाहीत. केळव्याला दोन दिवस कुटुंबासह आले होते, परतताना वाकडी वाट करून बोईसरला आमच्याकडे आले. माणूस सभ्य. चपला काढून, चहा घेऊन, भिंग लावून एकेक वाघीण बघितली. चाकं फिरवली, वजन केलं. "रंग अप्रतिम आहे," असं दोनदा म्हणाले, आणि मी खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यांनी एक वाघीण उलटी फिरवली. दुसरी फिरवली. दहाही फिरवल्या.

"दुसरी बाजू राहिलीय वाटतं," ते म्हणाले.

"राहिलेली नाही. ती अशीच असते," मी म्हटलं.

माझ्या सगळ्या वाघिणींना एकच अंग गंजलेलं होतं, खिडकीतून मला दिसायचं ते, पश्चिमेचं. दुसरं अंग मी स्वच्छ तांबडं ठेवलं होतं, थोडी धूळ टाकून.

"मॅडम, वाघिणी देशभर फिरतात," सर शांतपणे म्हणाले. "आज इथे, उद्या राजस्थानात. ऊन, पाऊस दोन्हीकडून लागतो. एकाच बाजूने कशा गंजतील?"

"तीस वर्षं माझ्या खिडकीसमोरून जातायत. तुम्ही मला सांगणार?"

"तुमच्या खिडकीतून दुसरी बाजू दिसते का?"

मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, समुद्रकाठचं लोखंड तुम्हाला नाही कळायचं, त्याला दर्याजवळ जन्म घ्यावा लागतो. सर उठले, चपला घातल्या. दारात म्हणाले, "दहाही दोन्ही बाजूंनी पूर्ण करून आणा, रुळावर घेऊ. नाहीतर टेबल आहेच तुमचं." ते 'तुमचं' माझ्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मी रुळांवरचा पूल ओलांडला. पूर्वेला मी हजारदा गेले असेन, पण बाजारासाठी, दवाखान्यासाठी. गाड्यांकडे पाठ करून. त्या दिवशी पहिल्यांदा रुळांकडे तोंड करून बसले, एका बंद टपरीच्या सावलीत. सरांना खोटं पाडायचं होतं, दुसरं काही मनात नव्हतं. पहिली मालगाडी आली. कोळशाची. या अंगानेही गंज, तेवढाच, तसाच जांभळट. म्हटलं, ही एखादी असेल. दुसरी आली. तिसरी आली. चौथ्या गाडीला मी मोजायचं सोडून दिलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला. दांडीच्या खिडकीचा नियम मी अख्ख्या देशाच्या मालगाड्यांना लावून बसले होते. मला लाज वाटली, साधीसुधी नाही, कानाच्या पाळ्या गरम होतात तशी. रंग जुळवणाऱ्या बाईने नमुन्याची एकच बाजू बघावी?

घरी आले. हे भाजी निवडत होते. माझा चेहरा बघून काय ते समजले. म्हणाले, "करून टाक दुसरी बाजू. सर सांगतात तर."

"सर सांगतात म्हणून नाही करणार," मी म्हटलं. "चूक आहे म्हणून करणार."

"दोन्ही एकच की."

"एकच नाही."

हे पुन्हा भाजीकडे वळले. म्हणाले, "तुझी चूकसुद्धा ताठ मानेची."

पुढचे आठ दिवस मी रोज पूल ओलांडला. सोबत पुठ्ठ्याची कार्डं आणि रंगाच्या कांड्या. जाणाऱ्या गाडीचा रंग धावत्या नजरेने उचलायचा आणि कार्डावर ठिपका द्यायचा, लॅबमध्ये करायचे तसं. टपरीवाल्याने टपरी उघडली तेव्हा विचारलं, "आंटी, सर्वे चल रहा है क्या?" म्हटलं, हो. त्याने रोज चहा दिला. मग घरी बसून मी नऊ वाघिणींची पूर्वेची बाजू केली. मीठ, रंग, ब्रश, आईचा गंज. घाई केली नाही. पहिल्या बाजूपेक्षा दुसरी बाजू चांगली उतरली, कारण या वेळी मी बघून रंगवत होते, समजून चालत नव्हते.

दहावी वाघीण राहिली. ती होती फाट्यावरच्या मोडक्या वाघिणीची प्रतिकृती. ती देशभर फिरत नव्हती, एका जागी उभी होती. पश्चिमेचं अंग माझं पाठ. पूर्वेचं गोदामाच्या भिंतीकडे. ते कसं होतं? दांडीच्या गजांसारखं कोरं असेल, की भिंतीच्या ओलीने जास्तच सडलं असेल? ह्यांना विचारलं, त्यांना ती वाघीणच धड आठवेना. जुन्या शेजारणीला फोन केला, ती म्हणाली, "कुठली गो वाघीण?" मी दोन दिवस कुंचला हातात घेऊन बसले. अंदाजाने रंगवणं अवघड नव्हतं. सरांना कळलंही नसतं. पण न बघितलेला रंग मी तीस वर्षांत कधी जुळवला नव्हता. शेवटी त्या बाजूचा तांबडा रंग मी स्पिरिटने पुसून काढला आणि खालचा करडा अस्तराचा थर तसाच ठेवला. कोरा. मला माहीत नाही, एवढंच सांगणारा.

हे म्हणाले, "सर दहा म्हणालेत. या एकीपायी सगळ्या टेबलावर जातील."

"जाऊ देत," म्हटलं. तोंडाने म्हटलं. पण पालघरला आई येणार होती, लॅबमधल्या मुली येणार होत्या. त्यांनी मला पुन्हा रुमालांशेजारी बघावं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

पालघरच्या त्या हॉलमध्ये लंबगोल रूळ मांडला होता. बाहेर दोरी, दोरीपलीकडे बघणारे. चालवणारी मंडळी आत, मधल्या मोकळ्या जागेत. आत शिरायला टेबलाखालून ओणवं होऊन जावं लागतं. मी साडीचा पदर खोचला आणि गेले. कोपऱ्यात ते टेबल दिसत होतंच, पाटीसकट. सरांनी भिंग काढलं. एक ते नऊ, दोन्ही बाजू. नवव्या वाघिणीला ते म्हणाले, "मॅडम, हॅट्स ऑफ." मग दहावी फिरवली.

"ही राहिली."

"राहिली नाही. ठेवली आहे. ती बाजू मी पाहिलेली नाही, म्हणून रंगवलेली नाही."

"अहो, पण अर्धवट वाघीण रुळावर कशी घेणार? काही नियम आहे की नाही?"

मी रुळांकडे बघितलं. सरांची स्वतःची गाडी समोरच उभी होती, वीस वाघिणींची, क्लबची शान. दोन वर्षं मी ती दोरीच्या बाहेरून बघत आले होते आणि खरं सांगते, तिच्या गंजावर जळत आले होते. आज पहिल्यांदा मी आतल्या बाजूला उभी होते. आतल्या बाजूने वीसच्या वीस वाघिणी कोऱ्या करकरीत होत्या. झगझगीत प्लास्टिक. त्यावर परदेशी रेल्वेची अक्षरं जशीच्या तशी. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते हेच.

मी एक वाघीण अलगद उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. "सर, दुसरी बाजू राहिलीय वाटतं."

सरांच्या मानेवर लाली चढली. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, ही बाजू आतच राहते. ती कोण बघतंय?"

इतक्या वर्षांनी तेच वाक्य, फक्त माणूस दुसरा. या वेळी मी गप्प बसले नाही. आवाजही चढवला नाही. म्हटलं, "मी बघतेय. तुमची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून कोरी आहे. माझी मला दिसली नाही म्हणून कोरी आहे. दोन्ही टेबलावर ठेवा, नाहीतर दोन्ही रुळावर घ्या."

आत उभे असलेले दोघे-तिघे आपापल्या गाड्यांची आतली बाजू बघायला लागले. सरांनी भिंग खिशात ठेवलं. मग स्वतःच्या हाताने त्यांनी आपली गाडी बाजूच्या रुळावर सरकवली आणि मुख्य रूळ मोकळा केला. "लावा," म्हणाले. माणूस सभ्य आहे, हे मी आधीच सांगितलंय.

मी एकेक वाघीण रुळावर ठेवली, जोडली. दोरीपलीकडे आई खुर्चीवर बसली होती, लॅबमधल्या दोघी तिच्यामागे. दहावी हातात घेतली तेव्हा पर्समधून पांढरी पेन्सिल काढली. तिच्या करड्या, कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात 'पास' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली, पूर्ण नावाची. मग ती शेवटी जोडली, सहीची बाजू बाहेर, बघणाऱ्यांकडे.

गाडी सुटली. आईसमोरून गेली तेव्हा आईने चष्मा सावरला आणि मागच्यांना म्हणाली, "ती शेवटली बगा. तिच्यावर नाव हाय माझ्या पोरीचं."